शेजारच्या सीटचं तिकीट स्वस्त का?

समजा, मुंबई-नागपूर विमानात खिडकीपाशी बसलेल्या माणसानं तिकिटाला ३,४०० रुपये मोजलेत. मधल्या सीटवरच्यानं ६,१०० मोजलेत आणि आदल्या रात्री घाईत तिकीट काढणाऱ्या तिसऱ्यानं ११,८००. गप्पांच्या ओघात हे आकडे बाहेर पडले की उरलेल्या प्रवासात तिसऱ्याला कॉफीही गोड लागत नाही. एसटीत असं होत नाही. सवलती सोडल्या, तर पुण्याहून साताऱ्याला जाणाऱ्या एकाच गाडीतले दोघं एकाच पल्ल्याला वेगवेगळे पैसे देत नाहीत. मग विमानातच का?

विमानप्रवासाचा विषय निघाला की हा प्रश्न पहिला येतो. दुसरा येतो उशिराचा: चार तास रखडवलं, तर पैसे मागता येतात का? तिसरा तिकीट काढताना पडद्यावर येणाऱ्या विम्याचा: त्या चौकोनात टिक करायची की नाही? तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच व्यवहार आहे. उद्या काय होईल याची खात्री ना प्रवाशाला असते, ना कंपनीला. ही अनिश्चितता कुणी अंगावर घ्यायची आणि त्याचे पैसे कुणी कुणाला द्यायचे, एवढंच या प्रकरणात पाहायचं आहे.

१. नाशवंत माल

हंगामाच्या सुरुवातीला वाशीच्या बाजारात हापूसच्या पहिल्या पेट्या येतात तेव्हा भाव विचारायची सोय नसते. मे संपत आला, वळवाचे ढग दिसू लागले, की तोच विक्रेता मिळेल त्या भावात माल काढून टाकतो. आज विकला नाही तर उद्या फेकावा लागेल, हे त्याला माहीत असतं. विमानातली सीट तर आंब्याहून नाशवंत. विमानानं धावपट्टी सोडली की रिकाम्या सीटची किंमत शून्य.

मग शेवटच्या दिवशी तिकिटं स्वस्त व्हायला हवीत. होतं उलटंच, कारण गिऱ्हाईक वेगळं आहे. मे अखेरीला आंबा नाही मिळाला तरी कुणाचं अडत नाही. उद्या सकाळच्या विमानाचं तिकीट आज रात्री शोधणाऱ्याचं मात्र नक्की काहीतरी अडलेलं असतं. कुणाची कोर्टाची तारीख असते, कुणाची मुलाखत, कुणाच्या घरी कुणीतरी अत्यवस्थ असतं. त्याच्याकडून जास्त पैसे घेता येतात हे कंपनी जाणते. म्हणूनच त्याच्यासाठी ती काही सीटा मुद्दाम राखून ठेवते.

पूर्वी आपल्याकडे हा प्रश्न फारसा नव्हता. १९५३ च्या कायद्यानं देशातल्या विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि पुढची जवळपास चाळीस वर्षं देशांतर्गत प्रवास म्हणजे इंडियन एअरलाइन्स. तो कायदा १९९४ मध्ये रद्द झाला, खासगी कंपन्या रीतसर आल्या. २००३ मध्ये एअर डेक्कननं स्वस्त विमानप्रवासाची चटक लावली आणि भाड्याचे आकडे दिवसागणिक हलू लागले.

२. कप्पे

एका विमानात १८० सीटा आहेत असं धरा. त्या सगळ्या इकॉनॉमीच्या, दिसायला सारख्या. कंपनीच्या संगणकात मात्र त्या कप्प्यांत वाटलेल्या असतात. समजा ३० सीटा ३,४०० रुपयांच्या कप्प्यात, पुढच्या ४० सीटा ४,५०० च्या, मग ६,१०० च्या, असं करत शेवटच्या काही सीटा ११,८०० च्या. प्रत्येक कप्प्याला एक अक्षर असतं आणि ते तिकिटावर बारीक अक्षरांत छापलेलंही असतं. खालचा कप्पा संपला की वरचा उघडतो. ‘रात्रीत भाडं वाढलं’ असं आपण म्हणतो तेव्हा बहुधा रात्रीत एक कप्पा रिकामा झालेला असतो.

स्वस्त कप्प्यात किती सीटा ठेवायच्या, हा खरा प्रश्न. त्याचं सोपं उत्तर १९७२ मध्ये बीओएसी या ब्रिटिश कंपनीतल्या केन लिटलवुड यांनी दिलं. त्यांचा नियम एका उदाहरणात कळतो. एक सीट उरली आहे आणि समोर ४,००० रुपये देणारा गिऱ्हाईक उभा आहे. त्याला नाही म्हटलं, तर नंतर १२,००० देणारा येईलही, कदाचित येणार नाही. तो येण्याची शक्यता तीनात एकाहून जास्त असेल तर थांबावं, कमी असेल तर आत्ताच विकावं. ४,००० भागिले १२,००० म्हणजे एक तृतीयांश. एवढंच गणित. आज कंपन्यांचे संगणक हेच गणित हजारो उड्डाणांसाठी, मागच्या वर्षांच्या विक्रीचे आकडे हाताशी घेऊन, सतत करत असतात. १९८० च्या दशकात अमेरिकन एअरलाइन्सनं हे तंत्र मोठ्या प्रमाणावर वापरलं आणि स्वस्त तिकिटांवर उभ्या राहिलेल्या पीपल एक्सप्रेस या प्रतिस्पर्ध्याला जेरीस आणलं.

म्हणजे दोन महिने आधी ३,४०० देणाऱ्यानं नुसती सीट घेतलेली नाही. बेत बदलला तर पैसे बुडण्याचा धोकाही त्यानं पत्करला आहे. आदल्या रात्री ११,८०० देणाऱ्यानं शेवटपर्यंत बेत मोकळा ठेवण्याची किंमत दिली. ही किंमत न्याय्य आहे का, हा वेगळा वाद आहे. आईला आयसीयूत हलवल्याचा फोन आलेला माणूस हौसेनं बेत मोकळा ठेवत नसतो, आणि संगणकाला त्यातला फरक कळत नाही.

३. मंगळवारी मध्यरात्री?

मंगळवारी मध्यरात्री तिकीट स्वस्त मिळतं, असं सांगणारा एक जण प्रत्येक कुटुंबात असतो. तिकीट कोणत्या वारी काढता याला फारसं महत्त्व नाही. कोणत्या वारी उडता याला आहे. शुक्रवारी संध्याकाळी पुणे-दिल्ली आणि बुधवारी दुपारी पुणे-दिल्ली यांत मोठी तफावत सापडते, कारण शुक्रवारी घरी निघालेल्या नोकरदारांनी विमान भरलेलं असतं.

दुसरी समजूत अशी की, वारंवार शोध घेतला की वेबसाइट आपल्याला ओळखते आणि भाव चढवते. या समजुतीला खतपाणी घालणारा एक अनुभव मात्र खरा आहे. तो घरी करून पाहता येतो. एका प्रवाशासाठी भाडं शोधा. समजा ४,५०० दिसलं. आता त्याच विमानासाठी चार प्रवासी टाका. माणशी ६,१०० दिसू शकतं. कारण ४,५०० च्या कप्प्यात दोनच सीटा उरल्या आहेत, आणि बहुतेक यंत्रणा चौघांना एकत्र तिकीट देताना चौघांनाही सामावणारा कप्पा उघडतात. अशा वेळी दोन-दोन तिकिटं वेगळी काढली तर पहिली दोन ४,५०० ला मिळतात. चौघांचे २४,४०० होणार होते, ते २१,२०० वर येतात. तोटा एवढाच की पुढे उड्डाण बदललं तर दोन बुकिंग वेगवेगळी सांभाळावी लागतात. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं सोबत असतील तर ही काटकसर करू नये.

४. नागपूरचं अधिवेशन आणि सिंधुदुर्गचे गणपती

१९५३ च्या नागपूर करारानुसार विधिमंडळाचं एक अधिवेशन नागपुरात होतं. डिसेंबरात मंत्री, आमदार, अधिकारी, पत्रकार, निवेदनं घेऊन निघालेले कार्यकर्ते सगळे एकाच दिशेनं जातात. त्या आठवड्यात मुंबई-नागपूर भाडं दिल्लीच्या भाड्यालाही मागे टाकतं, तेव्हा कंपनीनं वेगळं काही केलेलं नसतं. खालचे कप्पे भराभर संपलेले असतात, एवढंच. त्याच विमानाच्या परतीच्या फेरीत कितीतरी सीटा रिकाम्या असू शकतात, आणि एका बाजूच्या तिकिटांतून दोन्ही बाजूंचं इंधन निघावं लागतं. गणपतीच्या आधी सिंधुदुर्गातल्या चिपीला जाणारं विमान, दिवाळीआधी पुण्याहून पाटण्याला जाणारं विमान, सगळीकडे हेच.

मग सरकार वरची मर्यादा का घालत नाही? अपवाद म्हणून घालतं. कोविडच्या काळात २५ मे २०२० पासून ३१ ऑगस्ट २०२२ पर्यंत भाड्यांवर बंधन होतं. डिसेंबर २०२५ मध्ये वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांना पुरेसं मनुष्यबळ न ठेवल्यानं इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली आणि इतर कंपन्यांची भाडी आकाशाला भिडली. तेव्हा सरकारनं अंतरानुसार कमाल भाडं ठरवलं: ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, १,००० ते १,५०० किलोमीटरला १५,०००. एरवी भाडं ठरवणं हा कंपनीचा अधिकार आहे.

कोल्हापूर, नांदेड, जळगावकडचे वाचक इथे हमखास ‘उडान’ योजनेचं विचारतात: तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार, असं जाहीर झालं होतं ना? झालं होतं. पण ती सवलत विमानातल्या सर्व सीटांना नव्हती, साधारण निम्म्यांना होती. शिवाय प्रत्येक मार्गासाठी ठरावीक वर्षांपुरतीच. बाकीच्या सीटा बाजारभावानं.

तिकिटाचे सगळे पैसे कंपनीला मिळतात असंही नाही. त्यात विमानतळ वापरण्याचं शुल्क असतं, सुरक्षा शुल्क असतं, इकॉनॉमीला ५ टक्के जीएसटी असतो. इंधन जीएसटीबाहेर आहे, त्यावर राज्यं व्हॅट लावतात. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये मुंबई, पुणे आणि रायगडसाठी तो २५ वरून १८ टक्क्यांवर आणला. यातली एक गोष्ट प्रवाशाच्या थेट उपयोगाची आहे. तिकीट ‘नॉन-रिफंडेबल’ असलं आणि तुम्ही विमानतळावर गेलाच नाहीत, तरी सरकारी कर आणि विमानतळाचं शुल्क परत मिळायला हवं, असा डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे. रक्कम काहीशे रुपयांची असते, म्हणून बहुतेक जण मागत नाहीत. मागावी.

५. पाऊस मुंबईत नाही, मग विमान का अडकलं?

एक विमान दिवसभर अनेक फेऱ्या करतं. समजा ते सकाळी सहाला पुण्याहून दिल्लीला गेलं, तिथून श्रीनगरला, परत दिल्लीला, मग नागपूरला आणि संध्याकाळी नागपूरहून मुंबईला. प्रत्येक थांब्यावर प्रवासी उतरवणं, सफाई, इंधन, नवे प्रवासी, हे सगळं अर्ध्या-पाऊण तासात उरकायचं असतं. श्रीनगरला सकाळी धुकं पडलं आणि दोन तास गेले, तर ते दोन तास दिवसभर विमानाच्या मागोमाग फिरतात. नागपूरच्या प्रवाशाला संध्याकाळी लख्ख आकाश दिसत असतं आणि घोषणा होते, ‘येणारं विमान उशिरा आल्यामुळे’. ती थाप वाटते, पण बऱ्याचदा खरी असते. त्यात वैमानिक आणि कर्मचारी यांच्या कामाच्या तासांची कायदेशीर मर्यादा ओलांडली गेली, तर विमान उभं असूनही उडवायला माणूस नसतो.

मुंबईचं दुखणं आणखी वेगळं. सहारच्या विमानतळाला धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. त्या एकीवरून गर्दीच्या तासाला सुमारे ४६ विमानं उतरतात किंवा उडतात. एखाद्या विमानाला उतरताना पुन्हा वर जावं लागलं, एखाद्याचं टायर धावपट्टीवर फुटलं, की रांग हवेतही लागते आणि जमिनीवरही. नवी मुंबईहून २५ डिसेंबर २०२५ पासून उड्डाणं सुरू झाली, तो भार आता कुठे वाटला जाऊ लागला आहे. पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं, गोव्याचं दाबोळी नौदलाचं. तिथे नागरी विमानांना लष्कराच्या वेळापत्रकाशी जुळवून घ्यावं लागतं.

वेळापत्रकातली एक चलाखीही सांगून टाकतो. मुंबई-गोवा विमान प्रत्यक्ष हवेत पाऊण तासाच्या आसपास असतं. वेळापत्रकात सव्वा तास किंवा त्याहून जास्त दाखवतात. काही वेळ धावपट्टीपर्यंत जाण्या-येण्यात जातो, उरलेला हा राखीव. त्यात उशीर जिरतो आणि कंपनी ‘वेळेवर’ ठरते. शिवाय पंधरा मिनिटांपर्यंतचा उशीर हिशोबात उशीर धरतच नाहीत.

ज्याला वेळेवर पोहोचायचंच आहे त्यानं पहाटेचं पहिलं विमान घ्यावं. ते रात्रभर तिथेच उभं असतं, आधीच्या फेऱ्यांचं ओझं त्यावर नसतं. डिसेंबर-जानेवारीतली दिल्ली याला अपवाद. तिथे पहाटेच धुकं सर्वांत दाट.

६. उशीर झाला तर काय मिळतं?

आपल्या देशात नुसत्या उशिराबद्दल रोख भरपाई नाही. इथे बहुतेकांची निराशा होते. मिळतं ते असं. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा जास्त उशीर झाला, तर खाणंपिणं. पुणे-दिल्ली त्यात बसतं. सहा तासांहून अधिक उशीर होणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा, निवड प्रवाशाची. उड्डाणाची मूळ वेळ रात्री आठ ते पहाटे तीनच्या दरम्यान असेल आणि उशीर सहा तासांवर गेला, तर हॉटेल. रात्री साडेनऊचं विमान पहाटे चारला निघणार म्हटल्यावर खुर्च्यांवर आडवे होण्याआधी काउंटरवर जाऊन हॉटेल मागायला हवं. आपण होऊन देणारे कमीच.

उड्डाण रद्द झालं आणि किमान चोवीस तास आधी कळवलं नाही, तर रोख भरपाई आहे. दोन तासांहून लांब उड्डाणाला १०,००० रुपये किंवा एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन अधिभार, यांतली कमी असेल ती रक्कम. ‘कमी असेल ती’ हे शब्द महत्त्वाचे. तुमचं मूळ भाडं आणि अधिभार मिळून ४,२०० होत असतील तर ४,२०० च मिळणार. तिकिटाचा परतावा किंवा दुसरं विमान हे त्याखेरीज. वादळ, धुकं, दंगल, हवाई वाहतूक नियंत्रणाचा अडथळा अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांना मात्र भरपाईतून सूट आहे, आणि कारण आधी कंपनीच सांगते.

सीटांपेक्षा जास्त तिकिटं विकल्यामुळे वेळेवर आलेल्या प्रवाशाला उतरवलं, तर गोष्ट वेगळी. तासाभरात सुटणाऱ्या दुसऱ्या विमानात बसवलं नाही, तर चोवीस तासांच्या आतल्या विमानासाठी मूळ भाडं व अधिभार यांच्या दुप्पट, कमाल १०,०००. त्यानंतरच्या विमानासाठी चौपट, कमाल २०,०००.

एक बारीक अट फार जणांना नडते. बुकिंगमध्ये प्रवाशाचा पुरेसा संपर्क दिलेला नसेल तर भरपाई देणं कंपनीवर बंधनकारक नाही. गल्लीतल्या एजंटानं सोयीसाठी स्वतःचाच मोबाइल नंबर टाकलेला असतो. उड्डाण रद्द झाल्याचा मेसेज त्याच्याकडे जातो, तो दुकान बंद करून झोपलेला असतो, आणि कंपनी म्हणते, आम्ही तर कळवलं होतं. तिकीट हातात आलं की पहिल्यांदा नंबर कुणाचा आहे ते पाहावं.

दुसरी अडचण तुटलेल्या जोडणीची. कोल्हापूरहून मुंबई एका कंपनीनं, पुढे लंडन दुसऱ्या कंपनीनं, अशी दोन वेगळी तिकिटं काढली की पहिल्याच्या उशिराशी दुसऱ्याला देणंघेणं नसतं. लंडनचं तिकीट बुडतं. दोन्ही फेऱ्या एकाच बुकिंगवर असतील तर पुढची सोय लावणं कंपनीचं काम. आता तर एक विमान नवी मुंबईला उतरणार आणि दुसरं सहारहून सुटणार, अशीही तिकिटं निघू शकतात. विमानतळाचं नाव वाचल्याशिवाय पैसे भरू नयेत.

युरोपात नियम पुष्कळ कडक आहेत. फ्रँकफर्टहून मुंबईला येणारं विमान, कंपनी कुठलीही असो, कंपनीच्या दोषामुळे तीन तास किंवा जास्त उशिरा पोहोचलं तर युरोपीय नियमानुसार ६०० युरोपर्यंत मागता येतात. अंतर साडेतीन हजार किलोमीटरहून अधिक असल्यानं हा सर्वांत वरचा दर. उलट दिशेनं जाताना हा हक्क फक्त युरोपीय कंपनीच्या विमानाला लागू. मुलाकडे जर्मनीला जाऊन येणाऱ्या कितीतरी आईवडिलांना हे ठाऊकच नसतं.

७. तो चौकोन

आता विमा. तिकीट काढताना दोनतीनशे रुपयांत ‘प्रवास सुरक्षित करा’ असं समोर येतं. पूर्वी टिक आधीच केलेली असायची. विमा नियामकानं २०१९ मध्ये त्याला मनाई केली.

पहिला गैरसमज असा की, हा विमा घेतला नाही तर अपघातात काहीच मिळणार नाही. तसं नाही. आंतरराष्ट्रीय प्रवासाला माँट्रियल करार लागू होतो. त्यानुसार प्रवाशाच्या मृत्यूबद्दल १,५१,८८० एसडीआरपर्यंतच्या नुकसानीला कंपनी दोष सिद्ध न होताही जबाबदार असते. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं चलन; ही रक्कम पावणेदोन कोटी रुपयांच्या वर जाते. जून २०२५ मध्ये अहमदाबादच्या दुर्घटनेनंतर याच कराराची चर्चा झाली. ही जबाबदारी कायद्यानं येते, चौकोनातल्या टिकेनं नव्हे.

सामानाचंही तसंच. देशांतर्गत प्रवासात हरवलेल्या बॅगेसाठी कंपनीची कमाल जबाबदारी २०,००० रुपये, आंतरराष्ट्रीय प्रवासात १,५१९ एसडीआर. सोनं आणि लॅपटॉप चेक-इनच्या बॅगेत ठेवणाऱ्यानं हे आकडे आधी वाचावेत.

मग विमा घ्यायचा कशासाठी? देशातल्या प्रवासाचं गणित मांडून पाहू. तिकीट रद्द केलं तर ३,००० रुपये बुडणार आहेत, विम्याचा हप्ता ३०० आहे. विमा पैसे देतो तो आजारपण, घरातला मृत्यू अशा पॉलिसीत लिहिलेल्या कारणांसाठी; ‘साहेबांनी रजा दिली नाही’ हे त्यात नसतं. अशा कारणानं प्रवास रद्द होण्याची शक्यता पन्नासात एक धरली, तर ३,००० भागिले ५०, म्हणजे ६० रुपयांच्या धोक्यासाठी आपण ३०० देतो. माझ्या मते हा सौदा महाग आहे. गर्भवती सून किंवा आजारी वडील बरोबर असतील तर शक्यता वाढते आणि गणित फिरतं. फक्त तो आजार पॉलिसीत वगळलेला नाही ना, ते पाहावं.

परदेशी जाताना मात्र चित्र उलटं होतं. तिथे मोठी भीती तिकिटाची नसते, दवाखान्याच्या बिलाची असते. शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण सक्तीचं आहे. अमेरिकेला अशी सक्ती नाही, आणि बिलं मात्र तिथलीच सर्वांत मोठी. मुलांकडे सहा महिने राहायला निघालेल्या सत्तरीच्या जोडप्यानं पॉलिसीतल्या दोन ओळी शोधाव्यात. रक्तदाब, मधुमेह असे आधीपासूनचे आजार धरलेत का, की फक्त जिवावर बेतल्यावर? आणि वयामुळे प्रत्येक आजाराला वेगळी मर्यादा घातली आहे का? वर पाच लाख डॉलर लिहिलेलं असतं आणि आत हृदयविकाराला त्याचा लहानसा तुकडा ठेवलेला असतो. रक्तदाबाची गोळी चालू आहे हे अर्जात लपवलं की दावा फेटाळायला कंपनीला आयतं कारण मिळतं.

दावा करायची वेळ आली तर कागद लागतात, आणि ते विमानतळ सोडण्याआधीच गोळा करावे लागतात. उशीर किती आणि कशामुळे झाला याचं पत्र कंपनीच्या काउंटरवरून लिहून घ्यावं. बॅग पट्ट्यावर आली नाही तर बाहेर पडण्यापूर्वी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. बोर्डिंग पास आणि बॅगेचा टॅग फेकू नये. आंतरराष्ट्रीय प्रवासात फुटक्या बॅगेची लेखी तक्रार सात दिवसांत, उशिरा मिळालेल्या बॅगेची ती हाती आल्यापासून एकवीस दिवसांत करावी लागते. एकवीस दिवसांत बॅग आलीच नाही, तर ती हरवली असं धरून भरपाई मागता येते.